वळणावरची पंच

विल्नियस,
१७ नोव्हेंबर १९९६

ती. पेत्रे मावशीस,
वाइवाचा साष्टांग नमस्कार वि. वि. (साष्टांगातून डावा गुडघा तेवढा वगळ. तो अजून धड दुमडत नाही आणि धड सरळही होत नाही.)

पार्सल परवा पोचलं. मधाची बरणी शाबूत होती, पण लोणच्याच्या काकड्यांचं पाणी सगळं मोज्यांत मुरलं. मोजे दोनदा धुतले, तरी खोलीला शेपूचा वास येतोय. झिवीले, म्हणजे माझ्या खोलीतली ती अडथळ्यांची शर्यत पळणारी, म्हणते की तुझ्या मावशीला सांग, पुढच्या वेळी मोजे वेगळे पाठव आणि काकड्या जास्त पाठव. अर्ध्या काकड्या तिनंच खाल्ल्या, ते मात्र सांगू नको म्हणाली.

आता मुद्द्याचं. काल आल्फोन्सास सरांनी मला बोलावून घेतलं. नेहमीसारखे ओरडले असते तर मला काही वाटलं नसतं, पण ते हळू आवाजात बोलले, म्हणून मी आपणहून दार लावून घेतलं. म्हणाले, वसतिगृहात आपल्या गटाला खाटा मोजक्याच, आणि शिऔलाईची एक मुलगी वर्षभर ताटकळत बसलीय. ऑपरेशन झालेल्या पायाची त्यांना कीव येते, पण खाट कीव करून ठेवता येत नाही. या हिवाळ्यात हॉलमध्ये आपल्या चालण्याच्या तीन शर्यती आहेत. त्यातली एक, कुठलीही एक, पंचांनी बाहेर न काढता मी पुरी करायची. वेळ किती लागला ते ते बघणार नाहीत. तिन्हीत बाहेर गेले तर मार्चमध्ये सामान बांधायचं.

मी मान डोलावली आणि बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये फरशीच्या रेघेवरून अर्धा तास चालले. चौकीदारीण बाई ओरडली की चालायचं तर रस्त्यावर चाल, इथं माणसं झोपतात. रस्त्यावर बर्फ आहे गं, मावशी. बर्फावर मला भीती वाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या पाठीचं कसं आहे ते खरं कळव. बरी आहे असं लिहू नकोस. माझ्यावरची माया अशीच राहू दे, पण काकड्यांचं झाकण घट्ट लाव.

तुझी,
वाइवा

•

बिर्श्तोनस,
२६ नोव्हेंबर

चि. वाइवा हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद, दोन्ही गुडघ्यांसकट.

पत्र पोचलं. पहिल्याच ओळीत विनोद केलास की मी समजते, लिहायच्या आधी रडून झालंय. असू दे. रड, पण रडून झाल्यावर जेव.

सरांचं मला पटतं. राग आला तरी चालेल. ती शिऔलाईची मुलगीसुद्धा कुणाची तरी भाचीच असणार. एक शर्यत पुरी करायची, बस्स. जिंकायचं नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. तुला हे जमणार नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण गुडघा नव्हे, तुझा स्वभाव. पुढे एखादी पाठ दिसली की तुझं पाऊल लांबतं. लांब पावलात तो गुडघा टाच टेकताना सरळ राहत नाही. हॉलमध्ये सगळी वळणं डावीकडे, म्हणजे भार सगळा त्याच पायावर. तेव्हा वळणावर पाऊल आखूड, कंबर मोकळी, आणि समोरच्या पाठीकडे बघायचं नाही. भांडी घासताना दोन्ही गुडघे मागे ढकलून उभी राहा. आणि झिवीलेची भांडीही तूच घास, काकड्यांचं मला कळलंय.

पाठ दुखते. सकाळी चुलीपाशी वाकले की उठताना चुलीलाच धरावं लागतं. झालं समाधान? नेमुनस नदी अजून गोठली नाही, पण काठाला पापुद्रा धरलाय. मी रोज बांधावरून चालून येते. आता स्पर्धेसारखं नाही, म्हातारीसारखं. बांधावर मला माणसं अजूनही कमरेखालूनच ओळखू येतात. परवा डॉक्टरीणबाईंना वर न बघताच नमस्कार केला. म्हटलं, उजवी टाच बाहेर पडतेय. त्यांना आवडलं नसावं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरी ये. गेलेल्या माणसांसाठी मांडतात तसं तुझ्या आईचं ताट नेहमीसारखं मांडीन. ते ताट आणि मी, दोघीच टेबलाशी बसलो तर फार शांत होतं.

काळजी घे. तुझं पत्र येईपर्यंत पोस्टमनशी मी गोड बोलते, म्हणून तरी लवकर लिही.

मावशी

•

विल्नियस,
१४ जानेवारी १९९७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घरून आल्यापासून खसखशीच्या दुधाची चव तोंडातून जात नाही. टेबलक्लॉथखालून मी गवताची आखूड काडी ओढली आणि तू लांब, तेव्हा तू गुपचूप आपली काडी माझ्या काडीशी बदलून बघत होतीस, ते मी पाहिलं. मावशी, आखूड काडी म्हणजे आखूड आयुष्य, ती मलाही नको आणि तुलाही नको. पुढच्या वर्षी गवत मी आणीन.

आता क्लायपेदाच्या पहिल्या शर्यतीची बातमी. तुला कुणीतरी आधीच सांगितलं असेल, आपल्या लोकांच्या पोटात काही राहत नाही. मी बाहेर गेले. निम्मं अंतर नीट झालं होतं. मग समोर आमच्या गटातली योलांता दिसली आणि तू म्हणतेस तेच झालं. मुख्य पंचांनी बाजूला घेतलं तेव्हा मला त्यांचा रागही आला नाही, इतकी दमले होते. हॉलमधली धूळ घशात बसलीय, अजून खोकतेय.

रात्री झिवीलेला पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं. टाच टेकल्यापासून पाय अंगाखालून जाईपर्यंत गुडघा सरळ हवा, आणि एक ना एक पाय जमिनीला लागलेला हवा. चुकायला लागलं की पंच पिवळी पाटी दाखवतो, म्हणजे सांभाळ. तरी चुकलं तर तो लाल कार्ड लिहून देतो, त्याचा ठिपका आपल्या नंबरापुढे फलकावर लागतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल झाली की घरी. सगळं ऐकून ती म्हणाली, इतकी कटकट असेल तर पळत का नाहीस? आई गेल्यावर तू मला शाळेत न्यायला यायचीस आणि बांधावरून मला तुझ्या बरोबरीनं चालायचं असायचं, पळायला तू देत नसायचीस. तेवढंच आहे.

आणि एक मोठी बातमी! कौनासच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पंचांत तुझं नाव आहे. सरांनी यादी वाचून दाखवली तेव्हा सगळ्या मुलींनी हाय खाल्ली. पेत्रोनेले बाई म्हणजे विळी, असं योलांता म्हणाली. मी मात्र मनातून नाचले. वळणावर तू उभी असलीस की मला कळेल माझा पाय कुठं आहे ते. बाकीच्या पंचांचं कसं, काही जण सगळ्यांनाच पाटी दाखवतात, काही जण कुणालाच नाही. तुझी पाटी आली नाही म्हणजे पाय सरळ. माझ्या हिशेबी हे पक्कं आहे.

पाठीला बांधायचा पट्टा पाठवतेय, वापर. खुंटीला टांगून ठेवू नकोस.

तुझ्या जिवाला जपणारी,
वाइवा

•

बिर्श्तोनस,
२३ जानेवारी

चि. वाइवा हिस,
अनेक आशीर्वाद.

पट्टा बांधला. त्यात मी कोबीच्या गड्ड्यासारखी दिसते.

पंचांच्या यादीचं ऐक. मुख्य पंच बालीसभाऊंना मी त्याच दिवशी फोन केला. माझी भाची चालणार आहे, तेव्हा माझं नाव काढा म्हटलं. तर ते हसायलाच लागले. म्हणाले, अहो बाई, या देशात चालणारे मूठभर आणि बघणारे त्याहून कमी. ज्याचं कुणी नात्यातलं नाही असा पंच आणायचा तर वळणावर काय खांब उभा करू? त्यांच्या स्वतःच्या जावयाला त्यांनी मागच्या वर्षी बाहेर काढलं होतं. सहा महिने लेक बोलली नाही म्हणे. तुम्हाला जमेल, तुमच्याइतकी कोरडी नजर कुणाची नाही, असं म्हणाले. मला ते कौतुक वाटलं आणि मी हो म्हटलं.

तेव्हा आता नीट वाच. हॉलमध्ये मी तुझी मावशी नाही. माझ्याकडे बघायचं नाही, हात करायचा नाही, आधी येऊन गळ्यात पडायचं नाही. शर्यत संपल्यावर बसच्या थांब्यावर काय ते गळ्यात पड. त्या दिवसांत हिवाळा हाकलायचा सण आहे, धिरडी करून आणीन. वाकडं चाललीस तर पाटी मिळेल, सरळ चाललीस तर धिरडी. चुकून दोन्ही मिळाली तरी रागवायचं नाही.

खोकल्याला लिंडनच्या झाडाच्या फुलांचा चहा घे. मध घालून. झिवीलेलाही दे, बिचारीला.

तुझ्यावर जीव आहे, तो त्या दिवसापुरता घरी ठेवून येते.

मावशी

•

विल्नियस,
१२ फेब्रुवारी

मावशी,

शनिवारपासून पत्र लिहायला बसतेय आणि कागद फाडतेय.

थांब्यावर मी आले नाही. मागच्या दारानं सरांच्या गाडीतून गेले. धिरडी घेऊन तू उभी असशील हे माहीत होतं.

मी दुसऱ्यांदा बाहेर गेले म्हणून हे लिहीत नाहीये. पहिल्या फेरीत तुझ्या वळणावर आले तेव्हा मी नियमानं समोर बघत होते. तरी माणसाला कळतं. तू माझ्या पायांकडे बघत नव्हतीस. तोंडाकडे बघत होतीस. दुसऱ्या फेरीला तेच. योलांताला तू पाटी दाखवलीस, त्या छोट्या ओग्नेला दाखवलीस. मला एकदाही नाही. पलीकडच्या बाजूच्या दोघांनी मला पिवळी दाखवली होती, पण मी मनाशी म्हटलं, मावशीनं दाखवली नाही ना, मग झालं, पाय सरळ आहे. आणि मी पाऊल लांबवलं. मावशी, मी तुझ्या भरवशावर पाऊल लांबवलं! मग तीन लाल जवळजवळ एकदमच लागली, आणि त्यातलं एकही तुझं नव्हतं हे मला कुणी सांगायची गरज नाही.

तू पहिल्याच फेरीत पाटी दाखवली असतीस तर मी सांभाळलं असतं. कदाचित नसतंही. पण मला कळलं तरी असतं. तू माझी दया केलीस आणि त्या दयेनं मी बाहेर गेले. डॉक्टर म्हणाले होते ही पुन्हा चालणार नाही, तेव्हा त्यांना खोलीबाहेर घालवणारी तू होतीस. आता तूही तेच म्हणतेयस का? बिचारीचा गुडघा, जाऊ दे, एवढंच?

बावीस तारखेला पानेवेझीसला शेवटची शर्यत आहे. यापुढे मला काही सुचत नाही.

वाइवा

•

बिर्श्तोनस,
१५ फेब्रुवारी

चि. वाइवा हिस,
आशीर्वाद आहेतच, तू घे अगर नको घेऊ.

तुझं खरं आहे. एक शब्दसुद्धा जास्तीचा नाही.

पहिल्या फेरीत तुझा गुडघा मोडलेला मला दिसला. स्पष्ट दिसला. पाटी हातात होती. उचलणार, तेवढ्यात मी वर बघितलं. पंच झाल्यापासून मी कधी वर बघितलेलं नाही, आणि त्या दिवशी बघितलं. ऑगस्टमध्ये नर्सनं तुला पलंगावरून उतरवलं, तेव्हा माझ्या स्वेटरची बाही धरून तू पहिलं पाऊल टाकलंस. तेच तोंड होतं, तसेच ओठ आवळलेले. मला वाटलं, चालतेय. देवा, माझी पोर चालतेय. एवढंच डोक्यात राहिलं आणि हात खालीच राहिला. पुढच्या फेरीला पायांकडे बघायचं धाडस झालं नाही, कारण बघितलं असतं तर दाखवावं लागलं असतं.

तुझा गुडघा गेला असं मला वाटत नाही. तसं वाटलं असतं तर मी बिनधास्त लाल दिलं असतं, सुटली बिचारी म्हणून. मला आशा होती, आणि आशेनं मी आंधळी झाले. हे समजून घे असं मी म्हणत नाही, फक्त सांगतेय.

बालीसभाऊंना कळवलंय की पानेवेझीसला मी येणार नाही. खांब उभा करा म्हटलं. धिरडी शेजारच्या युर्गिसच्या डुकरांना घातली.

कोट नीट बांधून फिर. वारा वाईट आहे.

मावशी

•

(पोस्टकार्ड)
विल्नियस, १८ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न.

नाव काढायचं नाही. बालीसकाकांना मी चौकीदारीणबाईंच्या फोनवरून सांगितलंय, तूही सांग. त्याच वळणावर उभी राहा आणि दिसेल ते दाखव. पिवळं दिसलं तर पिवळं, लाल दिसलं तर लाल. मी बाहेर गेले तर तुझ्या नजरेनं जाईन, दुसऱ्या कुणाच्या नको. धिरडी डुकरांना घातल्याबद्दल मी तुला माफ करणार नाही.
वाइवा

•

विल्नियस,
२५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
वाइवाचा सा. न. वि. वि. आणि खूप काही.

तू न भेटताच बस पकडलीस! मी अंघोळीलाही न जाता थांब्यापर्यंत आले, तर बालीसकाका म्हणाले बाई गेल्या. मुली म्हणाल्या, विळी पळाली. म्हणून सगळं लिहिते, जणू तू तिथं नव्हतीसच.

दुसऱ्या फेरीला तुझी पिवळी पाटी माझ्या नाकासमोर आली. मावशी, मला इतकं बरं वाटलं की मी हसले, आणि सरांना वाटलं मला चक्कर आली. लगेच पाऊल आखूड केलं. योलांता गेली, मी जाऊ दिलं. छोटी ओग्ने गेली. तीसुद्धा! तेव्हा मात्र फार जड गेलं गं. आपल्याला येतं ते करायचं नाही आणि लोकांना पुढं जाऊ द्यायचं, याची मला सवय नाही. डोळ्यांत पाणी घेऊन चालत होते. समोर पाठच नको म्हणून नजर खाली ठेवली आणि तुझ्या वळणावर कंबर मोकळी सोडली.

मध्यावर फलकावर माझ्या नंबरापुढे एक लाल लागलं. दोन फेऱ्या उरल्या असताना दुसरं लागलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्या दोन फेऱ्या मी इतक्या हळू चालले की प्रेक्षकांतली एक आजी म्हणाली, ही पोरगी बाजाराला निघालीय वाटतं. पण तिसरं लागलं नाही. मी रेघ ओलांडली, मावशी. शेवटून दुसरी आले. तेवढ्याच आनंदानं मी जमिनीवर बसले, आणि झिवीले, जिला हे सगळं कटकट वाटतं, ती माझ्याहून मोठ्यानं रडत होती.

रविवारी जेवणाच्या रांगेत सर मागून येऊन म्हणाले, खाट तुझीच. शिऔलाईच्या मुलीसाठी दुसरी टाकून घेतोय, दाटीवाटी होईल, सहन करा. आणि म्हणाले, या गुडघ्याला नवं पाऊल शिकवावं लागेल, दोन वर्षं लागतील, धीर आहे का? मी आहे म्हटलं. खरं तर नाही. पण येईल.

आता एकच विचारते. पंचांनी काय दिलं त्याचा कागद भिंतीवर लावला होता. मी वाचला नाही, झिवीलेलाही वाचू दिला नाही. मला ते तुझ्याकडूनच ऐकायचंय. त्या दोन लालांत एक तुझं होतं का? असलं तरी चालेल, नसलं तरी. फक्त खरं लिही.

पाठीचा पट्टा बांधला होतास ते कोटावरूनही दिसत होतं. शहाणी आहेस.

तुझी, अजून चालणारी,
वाइवा

•

बिर्श्तोनस,
२ मार्च

चि. वाइवा हिस,
मावशीचे अनेक अनेक आशीर्वाद. आज मोजत नाही.

हो. दुसरं माझं.

तुला भेटले नाही कारण भेटले असते तर तिथंच सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मला बोलता येत नव्हतं. घरी पोचले तर कुलपाला किल्ली लागेना, युर्गिसनं दार उघडून दिलं.

दोन फेऱ्या उरल्या होत्या. तू दमली होतीस आणि वळणावर गुडघा मोडला. चांगलाच मोडला. या वेळी मी वर बघितलं नाही. कार्डावर तुझा नंबर लिहिला आणि गोळा करायला आलेल्या बाईंच्या हातात दिलं. लिहिताना पेन एकदाही थांबलं नाही. ते बरं झालं का वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

पंचानं फलकाकडे बघायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे आधी तुला किती लाल लागली होती ते मला माहीत नव्हतं. एकही नसेल. किंवा दोन असतील, आणि मग माझं हे तिसरं. तसं असेल तर बालीसभाऊ तुला पलीकडेच बाजूला घेणार आणि तू माझ्या वळणावर परत येणार नाहीस. मला कळायला दुसरा मार्गच नव्हता. उभं राहायचं आणि तू येतेस का ते बघायचं.

वाइवा, तुझ्या ऑपरेशनच्या वेळीही मी एवढी लांब वाट बघितली नव्हती. योलांता गेली. तिच्यामागून दोघी गेल्या. छोटी ओग्ने गेली. मी सगळ्यांचे गुडघे बघितले, शपथेवर सांगते, एकेक बघितला. मग वळण रिकामं झालं. रिकामंच राहिलं. मी मनात म्हटलं, संपलं, आणि हे मी माझ्या हातानं केलं.

आणि तू आलीस. आखूड आखूड पावलं टाकत, बाजाराला निघाल्यासारखी. टाच टेकली, गुडघा सरळ. पुढची टेकली, सरळ. माझ्यासमोरून संपूर्ण वळण सरळ गेलीस.

तुझ्यामागून ती शेवटची मुलगी येत होती. मी लगेच मान वळवून तिच्याकडे बघायला लागले, कारण माझं काम ते. पण डोळे इतके भरले होते की मला तिचे पायच दिसेनात. त्या वळणावर तिनं काय केलं देव जाणे. पळाली असेल तरी माझ्याकडून तिला माफ.

सुट्टी लागली की घरी ये. बर्फ वितळला, बांध मोकळा झालाय. माझी पाठ आणि तुझा गुडघा, दोघी मिळून जेवढं जमेल तेवढं चालू.

तुझीच,
मावशी